दुसरा जिना

प्रभाकर,

तुझ्या शोकसभेत जो उठला तो तुला समजूतदार म्हणाला. मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि दर वेळी मला वाटत होतं, आपण चुकीच्या सभेला आलोय. एक जण म्हणाला, 'सरांनी कधी आवाज चढवलेला मी पाह्यला न्हाई.' त्याच माणसाच्या गोदामाचं काम तू अर्ध्यात टाकून आला होतास, आणि निघताना त्याच्या अंगणात उभं राहून असं काही बोलला होतास की त्याचं कुत्रंसुद्धा उठून आत गेलं होतं. तो आता रुमालानं डोळे पुसत होता. मेल्यावर माणूस चांगला होतो हे ठाऊक होतं, पण तुला त्यांनी पार तासून गुळगुळीत करून टाकलं. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी उठले नाही. 'मॅडमना भरून आलं असेल,' असं सूत्रसंचालक म्हणाला. भरून वगैरे काही आलं नव्हतं. मला राग आला होता, आणि तो त्या लोकांवर नव्हता, तुझ्यावर होता. अजून उतरलेला नाही. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण हे भांडण तू धडधाकट दिसत होतास तेव्हा सुरू झालं होतं आणि मधेच उठून गेलास तो तू.

लोक विचारायचे, तुमचं नक्की नातं काय. जालन्यात एका पाटीवर एक पुरुष आणि एक बाई, दोघं आर्किटेक्ट, आणि नवरा-बायको नाहीत, हे पचायला गावाला बरीच वर्षं लागली. आपण कॉलेजात एका वर्गात होतो, एवढंच उत्तर होतं. तुझी बायको, शैलावहिनी, डबा दोघांचा द्यायच्या आणि माझ्या डब्यात भाजी जास्त असते म्हणून तू रोज कुरकुर करायचास. आपलं ऑफिस बियाण्यांच्या दुकानावर. जून लागला की खालच्या गर्दीतून, पोत्यांवरून पाय टाकत वर यावं लागायचं, आणि तू धापा टाकत म्हणायचास, 'बघ, जिना दुकानाच्या पोटातून काढला की असं होतं.' दरवर्षी तेच वाक्य. मी म्हणायचे, मंग जागा बदल की. तू म्हणायचास, 'न्हाई, रोज शिक्षा झाली पाह्यजे, म्हंजी ध्यानात ऱ्हातं.'

आणि तुझं ते नकाशा चालवून बघणं. दुसऱ्या ऑफिसांत नकाशा तपासतात, आपल्याकडं तो चालवायचे. ज्यानं काढला त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं, आणि दुसऱ्यानं कुणीतरी माणूस व्हायचं. मी विचारायचे, 'आज कोण तू?' तू म्हणायचास, 'गुडघे गेलेली म्हातारी. आत्ताच एसटीतून उतरले, हातात भाजीची पिशवी.' मग पेन्सिलीचं टोक फाटकावर ठेवायचास आणि खरोखर लंगडत, टेबलाभोवती फिरत, त्या कागदावरच्या इमारतीत शिरायचास. कुठं पायरी लागली की 'आई गं' म्हणायचास. कुठं दार उघडताना भिंतीला थडकलं की माझ्याकडं असं बघायचास की मी तुझ्या आईला ढकललंय. एकदा पोट पुढं काढून सातव्या महिन्याची सून झाला होतास, आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आत आलं. तुला लाज नव्हती. तू त्यालाही म्हणालास, 'बसा, मी जरा वर चाललेय.'

राहायची घरं असलेल्या नकाशात शेवटी तू मयत व्हायचास. खिडकीखालच्या लांब बाकावर आडवा पडायचास, डोळे मिटून, हात छातीवर, आणि विचारायचास, 'आता मला खाली कसं नेणार, सांग.' पहिल्यांदा मी हसले होते. मग मी काढलेल्या जिन्याचं वळण मोजलं आणि हसू गेलं. चार माणसं, मधे एक आडवा माणूस, माझ्या जिन्यात वळूच शकत नव्हती. तू पडल्या पडल्या म्हणालास, 'चढताना माणूस उभा असतो सुनंदा. पर एकदा तरी त्याला आडवं उतरायचं असतं. ती सोय कागदावरच करावी लागती, मंग कोणी करत न्हाई.' तेव्हापासून मी जिना काढते तेव्हा आधी वळण काढते. हे तू मला दिलंस आणि याबद्दल मी तुला कधी धन्यवाद दिले नाहीत, कारण तू लगेच डोक्यावर बसला असतास.

तुझं स्वतःचं घर मात्र दुसऱ्यानं बांधलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. मुलं लहान होती, शाळा जवळ होती, स्वस्तात मिळालं. घर बघायला गेलो तेव्हाच तू जिन्यात टेप लावून म्हणाला होतास, 'इथं मरायची सोय न्हाई,' आणि वहिनींनी तुला सगळ्यांदेखत झापलं होतं. तू गेलास त्या दिवशी तिरडी खाली पार्किंगमध्येच बांधली. वर नेऊन उपयोग नव्हता, हे न मोजता सगळ्यांना कळलं. तुला चादरीत घालून चौघांनी खाली आणलं. वळणावर अडलं. तुझा भाचा म्हणाला, 'जरा उभं करा मामाला.' आणि त्यांनी तुला उभं केलं, प्रभाकर, मेलेल्या माणसाला. तुझं डोकं कठड्याला लागलं. 'सांभाळून, सांभाळून,' असं कोणीतरी म्हणालं. मी वरच्या पायरीवर उभी राहून तुझ्याकडं बघत होते आणि माझ्या मनात फक्त एकच गोष्ट चालली होती, की आठवड्यामागं आष्टीला हा माणूस 'ठीक आहे' म्हणाला.

आष्टीचं काम आलं तेव्हा तू खूश होतास. परतूर तालुक्यातलं गाव असलं तरी बाजार मोठा, आणि बाजाराच्या रस्त्यावर दोन भावांची मोक्याची जागा. थोरला बाबासाहेब, धाकटा दत्ता. शेती सोडली नव्हती, पण आता गावात काहीतरी उभं करायचं होतं. खाली रस्त्याला तोंड करून दुकानं, पहिल्या मजल्यावर मंगल कार्यालय, वरचे दोन मजले राहायला. त्यात दोघा भावांची घरं आणि उरलेली भाड्यानं, शाळेतल्या मास्तरांना, बँकेतल्या लोकांना. पहिला नकाशा तू काढलास. दोन जिने: एक रुंद, पुढून, लग्नाच्या पाहुण्यांसाठी, आणि एक बाजूच्या बोळातून, वर राहणाऱ्यांसाठी. मी तो ऑफिसात चालवला. आधी नवरी झाले, मग आचारी, मग दहावीची परीक्षा असलेली वरच्या मजल्यावरची मुलगी. मला एकही खोट सापडली नाही आणि तू दिवसभर फुशारलास.

पहिल्या बैठकीत तू तो नकाशा त्यांच्या बैठकीच्या खोलीत, जमिनीवर सतरंजीवर पसरून, त्यांच्यासमोर चालवलास. बाबासाहेबांची बायको कमलबाई दाराच्या चौकटीशी उभी होती. तू तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी होऊन लग्नाच्या गर्दीतून वाट काढायला लागलास, 'अहो सरका, अहो व्याही, मला वर जायचंय, दूध उतू चाललंय,' आणि ती पदराआड हसली. 'हे बराबर बोलले,' म्हणाली. मग तू मयत झालास. परक्याच्या घरात, नव्या वास्तूच्या नकाशाशेजारी, सतरंजीवर आडवा. 'वर मी मेलोय,' म्हणालास, 'आणि खाली हळद चालू आहे. एकच जिना असला तर मला कुठून नेता? मांडवातून?'

बाबासाहेबांचा चेहरा उतरला. 'सर, अजून पाया खोदला न्हाई. असं अभद्र बोलू नका.'

'पाया खोदल्यावर बोलून काय उपेग,' असं तू पडल्या पडल्याच म्हणालास.

तिथं वाद लागला. दत्ताला बोळातला जिना नकोच होता. त्या जागेत रस्त्याच्या बाजूनं आणखी एक दुकान निघत होतं आणि ते त्याच्या मेव्हण्यासाठी त्यानं मनात धरलं होतं. मी म्हटलं, मेव्हणा महत्त्वाचा की वर राहणारी माणसं? जरा जास्तच खणखणीत म्हटलं असेल. लग्नात जिन्यावर खुर्च्या रचतात, आहेराची भांडी ठेवतात, वरातीतली पोरं पायऱ्यांवर बसतात, मागं गॅसवर स्वयंपाक चाललेला असतो. काही पेटलं तर चारशे माणसं आणि वरची बिऱ्हाडं एकाच वाटेनं उतरणार का, हे मी त्याला विचारलं. तो माझ्याकडं न बघता तुला म्हणाला, 'सर, मंजुरीच्या नकाशात दोन जिने दाखवा ना. दाखवायला काय जातंय. बांधताना एकच बांधू.' तू सतरंजीवरून उठलास आणि कागद गुंडाळायला लागलास. 'असं काम मी करत न्हाई,' म्हणालास. मला तू त्या दिवशी फार आवडलास. हे आता सांगून काही उपयोग नाही, पण खरं आहे.

जाफराबादला तू असंच काम सोडलं होतंस, अंबडलाही सोडलं होतंस. आपण काही श्रीमंत झालो नाही, आणि तुझ्या या खाष्टपणावर मी तुला कितीदा तरी बोलले. पण आतून मला त्याचा आधार होता. माझं म्हणणं पटलं नाही तर तू गिऱ्हाईकासमोर माझंच वस्त्रहरण करशील, पण पटलं तर देव आला तरी हलणार नाहीस, या भरवशावर मी इतकी वर्षं त्या ऑफिसात बसले.

मग दुसरी बैठक झाली, तिसरी झाली. मधे एकदा तू एकटाच आष्टीला जाऊन आलास. मी विचारलं तर म्हणालास, 'सहजच. मातीचं बघायचं होतं.' आणि शेवटच्या बैठकीत मी नेहमीसारखी पदर खोचून भांडत होते. जिन्याची रुंदी, बोळ, धूर, खुर्च्या, सगळं पुन्हा पहिल्यापासून. दत्ता भिंतीला टेकून गप्प बसला होता, आणि ते मला खटकायला हवं होतं. माझं बोलणं संपायच्या आत तू म्हणालास, 'ठीक आहे. मंजुरीला दोन दाखवू, बांधताना एक. जाऊ द्या.'

मला वाटलं तू गंमत करतोयस. तू पेन्सिल काढलीस आणि बोळातल्या जिन्यावर आडवी रेघ मारलीस. कमलबाई चहाचे कप उचलायला आली होती, ती कागदाकडं बघून तशीच आत गेली. बाबासाहेब म्हणाले, 'हे बघा, सर शेवटी समजूतदार माणूस.' तो शब्द तिथं जन्मला. शोकसभेत तोच फिरत होता.

गाडी तू चालवत होतास. गाव सुटेपर्यंत मी दम धरला.

'काय करून बसलास तू?'

'काही न्हाई. एक जिना गेला. जगबुडी न्हाई झाली.'

'मयताला कुठून आणणार?'

'कोण वर मरतंय आजकाल,' तू म्हणालास. 'दवाखान्यातच मरतेत सगळे.'

हे तू म्हणालास. तू. मी तुला म्हटलं, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुझा पीळ तर सुंभ शाबूत असतानाच गेला. तू गिअर बदललास. मी म्हटलं, किती ठरलं? दत्तानं काय देऊ केलं? ते मात्र लागलं तुला. तू गाडीचा वेग कमी केलास आणि म्हणालास, 'सुनंदा, पाणी दे.' मी बाटली दिली, तुझ्याकडं न बघता. बाहेर कापूस फुटलेला होता, मी तो बघत बसले. जालना येईपर्यंत आपण बोललो नाही आणि त्यानंतर जे बोललो ते फाइल कुठंय, वीज बिल भरलं का, एवढंच. मी वाट बघत होते की तू चिडशील. तू चिडला असतास तर आपण भांडलो असतो, आणि भांडणातून काहीतरी बाहेर आलं असतं. पण तू समजूतदार झाला होतास ना. पुढच्या आठवड्यात सकाळी दाढी करता करता तू न्हाणीघराच्या दारात पडलास. दवाखान्यात न्यायलाही कुणाला वेळ दिला नाहीस.

तेराव्यानंतर ऑफिस उघडलं. दोन गिऱ्हाइकं येऊन आपापले कागद घेऊन गेली. फार नम्रपणे. 'सर होते तवाची गोष्ट येगळी होती, मॅडम.' पाटीवर दोन नावं होती हे त्यांना इतकी वर्षं दिसलंच नसावं. हातात मोठं असं एक आष्टीचंच काम उरलं होतं. बाबासाहेबांचा फोन आला, नकाशे फायनल करून घेऊन या, काम तुमचंच आहे. मला नवल वाटलं. दत्ता माझ्याकडं बघून बोलायलाही राजी नव्हता आणि आता काम माझंच.

मी गेले. एकटीच, तुझी गाडी वहिनींच्या दारात उभी आहे म्हणून माझ्या जुन्या गाडीनं. बाबासाहेबांनी आधी तुझ्याबद्दल चार शब्द काढले, मग सतरंजी अंथरली. मी दोन्ही कागद पसरले, मंजुरीचा आणि बांधायचा. दोन्हींवर दोन जिने होते. तुझी रेघ मी खोडून टाकली होती.

दत्ता वाकून बघायला लागला. 'मॅडम, हे चुकून जुनं आणलं का?'

'चुकून न्हाई. दुसरा जिना राहील. न्हाई तर मंग एक वर घरं करा, न्हाईतर खाली कार्यालय, दोन्हींतलं एक. दोन्ही पाह्यजे असंल तर जिने दोन.'

'पर हे तर मिटलं होतं. सरांनी स्वतः काट मारली.'

'सर चुकले.'

हे मी म्हटलं. गेलेल्या माणसाला कुणी चुकला म्हणत नाही. बाबासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रागावले नव्हते ते, समजावायच्या सुरात आले. 'मॅडम, तुम्ही असं बोलून राह्यल्या, पर सर तुमच्यापायीच तयार झाल्ते. आता सांगायला हरकत न्हाई, माणूस तर गेला. दत्ताचं म्हणणं होतं, कामावर बाईमाणूस नको. गवंडी, सेंट्रिंगवाले, कसले कसले लोक असतेत. तवा सर एकटेच आल्ते. म्हणले, बाबासाहेब, माझं काही खरं न्हाई, डॉक्टरनं सांगून ठेवलंय. माझ्या मागं हे काम मॅडमच बघतील. तेवढं कबूल करा, जिन्याचं मी बघतो. आम्ही शब्द दिला. अन् तो पाळून राह्यलो.' मग म्हणाले, 'लई मोठा माणूस. तुमची काळजी करून गेला.'

तर हे होतं. मातीचं बघायला गेला होतास.

माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं सांगू? जिना नाही, काम नाही. बाबासाहेबाला सांगितलंस. दोन महिन्यांच्या ओळखीच्या माणसाला, सतरंजीवर बसून, माझं काही खरं नाही म्हणालास, आणि माझ्यासमोर रोज बसून भाजी कमी आहे म्हणून कुरकुरत होतास. क्षणभर मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. कुणीतरी आपल्यासाठी एवढं करून गेलं, असं वाटलं. मग त्याच्या मागोमाग असा संताप आला की हातातला स्केल मी खाली ठेवला. ज्या बाईनं तुझ्यादेखत भोकरदनला कच्चा स्लॅब तोडायला लावला, ठेकेदार अंगावर धावून आला तरी जी हलली नाही, तिच्यासाठी तू साइटवर उभं राहायची परवानगी विकत घेतलीस? आणि दिलंस काय, तर वरच्या बिऱ्हाडांचा जिना. तुझं होतं का ते द्यायला? मला विचारायचं तरी होतंस. मी सांगितलं असतं की दत्तासारखे छप्पन्न मी पचवले आहेत, तू फक्त नीट औषध घे.

आणि चारचौघात तुला मी विकला गेलास का विचारलं नव्हतं, गाडीत विचारलं होतं. तेव्हा सांगता आलं असतं. तू पाणी मागितलंस.

बाबासाहेब वाट बघत होते. मला कळत होतं की हो म्हटलं तर ऑफिस दोन वर्षं चालेल. पाटी राहील. लोकही म्हणतील, सर गेले तरी मॅडमनी मोठं काम ओढून नेलं. नाही म्हटलं तर हे लोक उद्या दुसरा माणूस आणतील आणि इमारत एका जिन्याची होईल ती होईलच. माझ्या नाही म्हणण्यानं कुणाचंच काही वाचणार नव्हतं. हे सगळं मी मोजलं, आणि मग म्हटलं, 'न्हाई.'

'मॅडम, सरांचा शब्द आहे.'

'सरांनी आयुष्यात एकदा मान तुकवली, आणि तुम्ही तेवढीच लक्षात ठेवली.'

दत्ता म्हणाला, संभाजीनगरला त्याच्या ओळखीचा एक जण आहे, लगेच नकाशा देतो, असले प्रश्न काढत नाही. मी म्हटलं, घ्या त्याच्याकडून. पण हे कागद इथं राहणार नाहीत. मंजुरीचा, बांधायचा, तू रेघ मारलेल्याची त्यांच्याकडची प्रत, तिन्हींवर तुझी सही होती. मी ते सगळे मागून घेतले. बाबासाहेबांनी जरा कुरबूर केली आणि दिले. भला माणूस आहे तो, खोटं नाही. फक्त त्याला खरंच वाटतं की त्यानं आपल्यावर उपकार केले.

कमलबाई मला सोडायला ओसरीपर्यंत आली. 'म्या म्हणलं होतं, जिना ऱ्हाऊ द्या,' ती हळू आवाजात म्हणाली. 'माझे गुडघे गेलेत. पर माझं कोण ऐकतं.' तिला मी काय सांगणार होते? वर राहू नका म्हटलं. ती हसली, जशी बायका हसतात तशी, आणि आत गेली. तीच वर राहणार आहे.

वहिनींना दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. काम गेलं म्हटल्यावर त्यांनी चहा टाकला. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का त्याच्या छातीच्या दुखण्याचं? म्हणाल्या, 'माहीत होतं. मला म्हणले, सुनंदाला सांगू नको. तिला कळलं तर ती मला घरी बसवील आणि सगळं एकटी वढत बसंल.' बरोबरच ओळखलं होतंस. बसवलंच असतं. खुर्चीला बांधून घातलं असतं तुला. पण बसला असतास तर आज असतास रे. वहिनींनी मला रडू दिलं, आणि मग त्या रडल्या. चहा कुणीच घेतला नाही.

पाटीवरचं तुझं नाव मी काढलेलं नाही. एक लहानसं काम आलंय, शहागडला रस्त्यावर खाली दुकान आणि वर दोन खोल्या. त्याचा नकाशा काढलाय. तो चालवायला कुणी नाही. स्वतः काढलेला स्वतः चालवायचा नसतो, आपल्याला आपली खोट दिसत नाही, हे तूच सांगायचास. तरी काल मी तो टेबलावर घेऊन बसले होते, आणि पेन्सिल फाटकावर ठेवून पुढं सरकवताच येईना.

आष्टीला काय होईल ते होवो. त्या इमारतीवर तुझं नाव लागणार नाही, एवढं मी केलं. गावात आता दत्ता सांगत फिरतोय म्हणे की सर होते तोवर ठीक होतं, बाई फार हेकट आहे. सांगू दे.

मला तुझी दया आली असती तर बरं झालं असतं, पण येत नाही. मी त्या खोलीत नाही म्हणाले, प्रभाकर, आणि ते अवघड नव्हतं. ते तू म्हणायचं होतंस. काम त्याच दिवशी गेलं असतं, मी तुझ्याशेजारी बसून परत आले असते, परतूरला तू गाडी बाजूला घेतली असतीस, चहा पिता पिता आपण त्या दोघा भावांच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, आणि मग केव्हातरी, दुसरा कप झाल्यावर, तू मला सांगितलं असतंस की तुला बरं वाटत नाही.